देवाला ठाऊक होतं, मग आरोपी कोण?

दोस्तांनो, आपल्या पोरांत एक समज आहे. गरिबाला नशिबाच्या खुंट्याला बांधायचा धंदा फक्त कर्मविपाकवाल्यांचा. ख्रिस्ती धर्मात पूर्वजन्म नाही, म्हणून तिथं ही भानगड नाही. मी म्हणतो, तिथंही आहे. फक्त दोरी वेगळ्या सुताची.

यहूदा इस्कार्योतचं घ्या. चांदीच्या तीस नाण्यांसाठी त्यानं येशूला पकडून दिलं. पण येशूनं जेवायला बसल्यावरच सांगितलं होतं, की तुमच्यातलाच एकजण मला दगा देणार. आणि चर्च शिकवतं, की त्या मरणाशिवाय जगाचं तारण नव्हतं. म्हणजे देवाला आधीच ठाऊक, देवाच्या योजनेत ते बसलेलं, आणि दोन हजार वर्षं शिव्या खातोय एकटा यहूदा. हा कुठला न्याय?

फारोचं प्रकरण तर याहून वाईट. 'निर्गम'मध्ये देव फारोचं मन कठीण करतो. काही ठिकाणी फारोनं स्वतःच ते कठीण केलं असंही लिहिलंय. असू दे. पण शिक्षा कुणाला? इजिप्तमधल्या घराघरातला थोरला मुलगा मरतो. राजाचा मरतो आणि जात्यामागं बसलेल्या दासीचाही मरतो. त्या बाईनं काय ठरवलं होतं? तिला कुणी विचारलं होतं? दळण दळणारीचं पोर राजाच्या हट्टापायी मेलं, आणि पंडित चर्चा करतात फारोच्या मनाची!

पंडितांकडं उत्तर तयार आहे. दीड हजार वर्षांपूर्वी बोएथियस नावाचा रोमन विद्वान तुरुंगात मरणाची वाट बघत लिहून गेला, की देव काळाच्या बाहेर आहे. त्याला काल, आज, उद्या एकदमच दिसतं. एखादा माणूस चालताना मी पाहिला, म्हणून माझ्या पाहण्यानं तो चालत नाही. मुद्दा कच्चा नाही, मी मान्य करतो. पाहणं म्हणजे करायला लावणं नव्हे. पण रस्ता ज्यानं बांधला, खड्डा ज्यानं खणला, चालणाऱ्याचे पायही ज्यानं घडवले, तो नुसता बघ्या कसा? आणि अडवायची ताकद असून जो बघत राहतो, त्याला आपण वस्तीत काय म्हणतो?

पण माझं भांडण आभाळाशी कमी, जमिनीवरच्यांशी जास्त आहे. पेलाजियस नावाचा एक साधू म्हणत होता, की माणसाला चांगलं वागता येतं, न वागला तर दोष त्याचाच. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेनं त्याची शिकवण धिक्कारली. त्याच्यावर तुटून पडणारा मोठा माणूस म्हणजे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन. हाच ऑगस्टीन 'सिटी ऑफ गॉड'च्या एकोणिसाव्या भागात सांगतो, की गुलामीचं मूळ पापात आहे, आणि देवाच्या न्यायाशिवाय माणूस गुलाम होत नाही. गुलामानं मनापासून सेवा करावी. वा रे न्याय! पाप आदामाचं, निवाडा देवाचा, राबणं गुलामाचं आणि नफा मालकाचा. मालक नामानिराळा!

पुढं जिनेव्हात कॅल्विननं हिशेब आणखी चोख केला. कुणाला तारायचं, कुणाला नरकात टाकायचं, हे देवानं आधीच ठरवलंय. 1551 साली बोल्सेक नावाच्या डॉक्टरनं भर सभेत विचारलं, की असं असेल तर पापाचा कर्ता देवच ठरत नाही का? त्याला तुरुंगात टाकला, मग शहराबाहेर हाकलला. अरे, सगळं आधीच ठरलेलं होतं ना? मग बोल्सेकचा प्रश्नही ठरलेलाच होता. त्याला शिक्षा कशाला?

दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चनं 1974 च्या अहवालात वेगळ्या वस्त्यांना बायबलचा टेकू दिला. बाबेलचा बुरूज काढला, 'प्रेषितांची कृत्ये'मधून राष्ट्रांच्या सीमा देवानं ठरवल्याचं वचन काढलं. पण 1950 चा ग्रुप एरियाज ॲक्ट देवानं लिहिला नव्हता. 1960 साली शार्पव्हिलला 69 माणसं मारणाऱ्या बंदुकांचे चाप माणसांच्याच बोटांनी ओढले. आणि त्याच कॅल्विनच्या परंपरेतल्या, गोऱ्यांनी वेगळ्या काढलेल्या मिशन चर्चनं 1982 साली बेलहारचा जाहीरनामा लिहिला, 1986 साली स्वीकारला. त्यांनी सांगितलं, देव नाडलेल्यांच्या बाजूनं आहे, चर्चनंही तिथंच उभं राहावं. ग्रंथ तोच. फरक एवढाच, की त्यांनी जबाबदारी आभाळावर ढकलली नाही. अशा ख्रिस्ती माणसाशी माझं भांडण नाही. तो माझा सोबती.

बुद्धानं हा गुंता अंगुत्तर निकायातल्या तित्थ सुत्तात केव्हाच सोडवलाय. सुख-दुःख पूर्वकर्मानं येतं म्हणा, ईश्वरानं घडवलं म्हणा, की विनाकारण होतं म्हणा. तिन्हींचा शेवट एकच. खुनी म्हणेल, मी काय करणार? आणि हे करावं, हे करू नये, यासाठी धडपडायला कारणच उरणार नाही. बाबासाहेबांनी गेल्या जन्माचं कर्म झुगारलं, ते याचसाठी.

तेव्हा देवाला ठाऊक होतं की नव्हतं, यावर विद्वानांना खुशाल भांडू द्या. तुमच्यासमोर कुणीही, कुठल्याही धर्माचा, 'हे वरूनच ठरलंय' म्हणाला, की त्याच्यापुढं कागद धरा आणि विचारा : खाली सही कुणाची आहे?