शाळेच्या यादीला धनी कोण?

मृगाचा पाऊस आणि शाळेची पहिली घंटा या दोन्ही गोष्टी विदर्भ वगळता महाराष्ट्रात जूनच्या एकाच पंधरवड्यात येतात. शहरातील नोकरदाराला या योगायोगाचे फारसे काही वाटत नाही. त्याचा पगार जूनमध्येही तेवढाच असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा परिसरात मात्र हाच योगायोग दरवर्षी घराचा ताळेबंद विस्कटून टाकतो. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे खर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात पोहोचले. आज हे गाव भोवतालच्या वाड्यावस्त्यांची बाजारपेठ आहे. मुलूख पर्जन्यछायेतला, शेती प्रामुख्याने पावसाच्या भरवशावरची, आणि ज्यांचे वर्ष शेतीवर निघत नाही अशी अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडणारी.

अशा घरात पैसा केव्हा येतो हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. उडीद आणि सोयाबीन बाजारात जातात ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तूर त्यानंतर. ऊसतोडीची उचल मिळते ती हंगामाच्या तोंडावर, आणि ती बहुधा आधीचे देणे फेडण्यातच जाते. जूनमध्ये मात्र हात रिकामा असतो आणि नेमके तेव्हाच बियाणे, खते आणि शाळेची यादी एकदम दारात येऊन उभी राहते. पेरणी थांबवता येत नाही आणि मुलाला वहीवाचून वर्गात बसवता येत नाही. मग एक खर्च उधारीवर जातो, आणि दुकानदाराच्या खात्यावर चढलेली ती रक्कम पीक निघेपर्यंत फिटत नाही. शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, हे या तक्रारीचे मूळ आहे.

आता यादीकडे वळू. दोनशे पानी वह्या अमुक, शंभर पानी तमुक, त्यांतील एकेरी किती, दुहेरी किती, चौकटीच्या किती. चित्रकलेची वही, रंगपेटी, कंपासपेटी, नकाशावही, प्रयोगवही. रोजच्या गणवेशाखेरीज खेळाच्या तासाचा वेगळा गणवेश. काळे बूट आणि पांढरे बूट. यातील कोणतीही एक वस्तू वेगळी काढली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. पण सगळ्या वस्तूंची बेरीज कोणी करत नाही. गणिताचे शिक्षक आपल्या दोन वह्या सांगतात, भाषेचे आपल्या तीन. गणवेश संस्थाचालक ठरवतात. या साऱ्याची बेरीज प्रथम होते ती दुकानाच्या फळीवर, पालकाच्या खिशासमोर. त्या क्षणापर्यंत ही रक्कम किती होईल याचा विचार करण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

न लिहिलेली सक्ती

सरकारला हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. शाळेतूनच किंवा विशिष्ट दुकानातूनच साहित्य घेण्याची सक्ती करू नये, असा शासन निर्णय राज्याने जून २००४ मध्येच काढला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या शाळांना हेच बजावले. शाळा ही दुकानदारीची जागा नव्हे, असा त्या पत्रकाचा रोख होता. पुढे त्याच वर्षी मंडळाने शाळेच्या आवारात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेची पुस्तके आणि लेखनसाहित्य विकण्यास मुभा दिली, आणि आधीच्या पत्रकाची धार बरीच बोथट झाली.

तरीही दर जूनमध्ये तीच तक्रार का येते? कारण आजची सक्ती कागदावर लिहिलेली नसते. ती वस्तूतच विणलेली असते. वहीच्या वेष्टनावर शाळेचे नाव छापले की ती वही एकाच ठिकाणी मिळणार हे उघड आहे. गणवेशाच्या कापडाची चौकट जराशी वेगळी निवडली की बाजारातील इतर सगळे कापड आपोआप बाद होते. खासगी प्रकाशनांच्या पुस्तकांचा संच एकत्र बांधून दिला की त्यातील दोनच पुस्तके घेण्याचा मार्ग बंद होतो. आवृत्ती दरवर्षी बदलली की थोरल्याची पुस्तके धाकट्याला चालत नाहीत. यांपैकी कोठेही ‘अमुक दुकानातूनच घ्या’ असे वाक्य नसते. त्यामुळे २००४ च्या निर्णयाचा भंगही सिद्ध होत नाही. निर्णय दुकानावर बोट ठेवतो, आणि गोम आहे यादीत.

खर्ड्यासारख्या गावांतही आता मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घालण्याची ओढ वाढली आहे. गावात दुकाने मोजकीच असल्याने तेथे पर्याय आणखी आखूड होतो. पुण्या-मुंबईचा पालक चार दुकाने फिरू शकतो, संघटना बांधू शकतो, वृत्तपत्राला पत्र लिहू शकतो. गावातील पालकाचा मुलगा ज्या शाळेत आहे, तिच्या चालकांशी त्याचा रोजचा संबंध असतो. तो गप्प बसतो. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या बाबतीत तर शुल्क माफ झाले तरी यादी माफ होत नाही, असे पालक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

सरकारने यादी हाती घेतली तेव्हा

सरकारी शाळांत हा जाच नाही, असे म्हणता येईल काय? जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, आणि १९६७ पासून पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीमुळे ती वेळेवर व एकसारखी मिळतात, ही मोठीच सोय आहे. पण पुस्तकापलीकडे शासनाने जेव्हा जेव्हा स्वतः यादी करायला घेतली, तेव्हा काय झाले याची दोन उदाहरणे ताजी आहेत.

पहिले उदाहरण वह्यांच्या पानांचे. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि गरीब पालकांचा वह्यांचा खर्च वाचावा, या हेतूने मार्च २०२३ मध्ये निर्णय झाला की पाठ्यपुस्तकातच प्रत्येक पाठानंतर कोरी पाने जोडायची आणि पुस्तक चार भागांत विभागायचे. हेतू उत्तम होता. पण वर्गपाठ, गृहपाठ, सराव आणि तपासणी एवढ्या साऱ्याला ती पाने पुरणार नव्हती. वर्गात वही चालूच राहिली, आणि मुलांच्या दप्तरात जाडजूड पुस्तकही आले आणि वहीसुद्धा. अखेर जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला आणि २०२५-२६ पासून पुस्तके पूर्वीसारखी झाली.

दुसरे उदाहरण ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेचे. पूर्वी गणवेशाचा निधी शाळा व्यवस्थापन समितीकडे येई. दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये, म्हणजे एका जोडाला तीनशे. रक्कम तुटपुंजी होती. पण शिंपी गावातला असे आणि माप मुलाच्या अंगावर घेतले जाई. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर एकवटली आणि शिलाईचे काम महिला बचतगटांकडे देण्यात आले. शाळा जूनमध्ये उघडल्या. अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी गणवेश पोहोचले नव्हते. जे पोहोचले त्यांच्या मापांबद्दल आणि कापडाबद्दल तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले.

बूट-मोज्यांचे तर वेगळेच. एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे यांसाठी शासनाने विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. शाळेच्या वर्षभराच्या वापरात टिकतील असे बूट-मोजे या रकमेत कोठे मिळतात, हे मुख्याध्यापकाने शोधावे. ते मिळाले नाहीत तर उरलेली रक्कम कोणाच्या खिशातून जाते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणजे चित्र असे दिसते. खासगी शाळेत यादी करणारा पैसे देत नाही, म्हणून यादी फुगते. सरकारी शाळेत पैसे देणारा यादी मंत्रालयात बसून करतो, म्हणून वस्तू उशिरा आणि बेमापी येतात. दोन्हीकडे यादी करण्याच्या वेळी पालक खोलीबाहेर असतो.

कर कमी झाला, पण कोणासाठी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्रे, रंगखडू आणि नकाशे यांवरील वस्तू व सेवा कर शून्यावर आला. कंपासपेटीवरील कर १२ वरून ५ टक्के झाला. दिलासा खराच. परंतु तो दिलासा पालकापर्यंत पोहोचण्याची एक अट आहे : वस्तू सुटी, खुल्या बाजारात आणि स्पर्धेत विकली गेली पाहिजे. शाळेच्या नावाची वही बांधलेल्या संचात येत असेल, तर संचाची किंमत ठरवणाऱ्याला ती उतरवण्याचे कारण काय? सरकारने सोडलेला कर मधल्या मध्ये मुरू शकतो. तेव्हा येथेही प्रश्न फिरून यादीपाशीच येतो.

शाळांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. चाळीस मुलांच्या चाळीस आकाराच्या वह्या तपासणे शिक्षकाला खरोखरच जड जाते. सारखा गणवेश नसेल तर घरची श्रीमंती-गरिबी वर्गात कपड्यांतून बोलू लागते. वह्या नीट भरलेल्या नसतील तर तपासणीच्या वेळी जाब शिक्षकालाच विचारला जातो. आणि खुद्द पालकांमध्येही शेजारच्या मुलाचे दप्तर पाहून आपली खरेदी ठरवणारे कमी नाहीत. पण यातून सिद्ध होते ते इतकेच की यादीत एकसारखेपणा हवा. तो विशिष्ट नावाचा आणि विशिष्ट दुकानाचाच हवा, हे सिद्ध होत नाही. ‘शंभर पानी, एकेरी, अमुक आकार’ एवढे लिहिले तरी चाळीस वह्या सारख्या येतात.

इतरत्र काय झाले

मे २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील जबलपूरच्या जिल्हा प्रशासनाने बेकायदा शुल्कवाढ आणि पुस्तकविक्रीतील संगनमताच्या आरोपावरून अकरा खासगी शाळांशी संबंधित व्यक्तींवर गुन्हे दाखल केले. पालकांना त्या वेळी बरे वाटले असेल. पण फौजदारी कारवाई ही गोष्ट घडून गेल्यानंतरची, आणि ती एखाद्या तडफदार जिल्हाधिकाऱ्याच्या बदलीबरोबर थंडावू शकते.

इंग्लंडने निराळी वाट धरली. तेथे २०२१ मध्ये शालेय गणवेशाच्या खर्चाबद्दल स्वतंत्र कायदाच झाला. त्यानुसार निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत बोधचिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवाव्यात, एकाच विक्रेत्याशी निविदेविना बांधून घेऊ नये, गणवेशाचे नियम आधीच जाहीर करावेत आणि वापरलेले गणवेश मिळण्याची सोय असावी, असे शाळांना सांगितले आहे. त्या सूचनांचा भर दुकानदाराला पकडण्यापेक्षा यादी आवरण्यावर आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

करता येण्याजोगे

आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. खासगी शाळांसाठी राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती सांगितली आहे. या दोन्ही व्यासपीठांपुढे शाळेची संपूर्ण यादी, अंदाजे एकूण रकमेसह, मार्चअखेर ठेवली जावी; तेथे मंजूर न झालेली वस्तू जूनमध्ये मागता येऊ नये; वहीवर आणि दप्तरावर शाळेचे नाव छापण्यास बंदी असावी; आणि गणवेशातील किमान निम्मे कपडे खुल्या बाजारात मिळणारे असावेत. एवढे चार नियम एका शासन निर्णयात बसतात.

मार्च हा महिना सुचवण्याचे कारण खर्ड्याच्या शेतकऱ्याकडे विचारावे. मार्चमध्ये यादी हाती आली तर त्याला तीन महिने मिळतात. तो वह्या दोन-तीन बाजारांत थोड्याथोड्या घेऊ शकतो, भावाच्या मुलाची कंपासपेटी मागून ठेवू शकतो, गणवेश गावातल्या शिंप्याकडे सवडीने टाकू शकतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हाती पडलेली यादी त्याला एकच मार्ग ठेवते, तो उधारीचा.

या प्रश्नाची निकड येत्या वर्षांत वाढणार आहे. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आणि तो पुढच्या इयत्तांत टप्प्याटप्प्याने न्यायचे ठरले आहे. पुस्तके बदलतील त्या त्या वर्षी घरातील जुनी पुस्तके, मार्गदर्शके आणि सरावपुस्तिका निकामी होतील. पाठ्यपुस्तक मोफत मिळेल. त्याच्याबरोबर येणारी यादी मोफत नसेल.

शिक्षणहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाने शिक्षण ‘मोफत’ केले तेव्हा केवळ शुल्काचा उल्लेख केला नाही. प्राथमिक शिक्षण घेण्यात आणि पूर्ण करण्यात अडथळा ठरेल असा कोणताही खर्च मुलावर पडता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. वही, बूट आणि गणवेश हे त्या ‘खर्चा’त येतात की नाही, याचे उत्तर शासनाने एकदा स्पष्टपणे द्यावे. येत असतील तर यादीला धनी नेमावा आणि तिचा हिशेब मागावा. येत नसतील तर तेही सांगावे. म्हणजे निदान पालकाला पेरणीच्या खर्चाबरोबरच शाळेचाही खर्च आधीपासून मांडून ठेवता येईल.