सेवा करणारीची सेवा कोण करणार?

हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत जा, सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढा. एखाद्या घरात लकवा झालेले सासरे किंवा अंथरुणाला खिळलेली आई असते आणि उशाशी एक बाई असते. तरणी माणसे ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला गेलेली. रुग्णाचे हगणे-मुतणे काढायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, भरवायचे आणि त्यातूनच वेळ काढून निंदणीला जायचे. मोठ्या इलाजासाठी वर्षानुवर्षे नांदेड गाठावे लागले. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०२४ साली. पण डॉक्टर रुग्णाला तपासतो. तिची मोडलेली झोप, तिची कंबर, तिचा बुडालेला रोज कोण तपासतो?

गाव तिला सांगते, "बाई, धीर धर, पुण्य लागेल." आम्हाला हा उपदेश मान्य नाही. पुण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याची रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. धीर उपदेशाने येत नाही. रात्रीची झोप, बदलीला माणूस आणि हातात चार पैसे असले म्हणजे तो येतो.

तथागतांनी हेच ओळखले होते. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी नियम केला : आजाऱ्याला उपाध्याय असेल तर त्याने सेवा करावी, कोणीच नसेल तर संघाने करावी, न केल्यास तो दोष. आजारी भिक्खूचे निधन झाले तर त्याचे पात्र-चीवर सेवा करणाऱ्याला देण्याची मुभाही दिली. सेवा ही संघाची जबाबदारी ठरली आणि सेवकाचा हक्कही मान्य झाला.

आपण काय केले? मधुमेहाने जर्जर झालेल्या बाबासाहेबांची १९४८ पासून अखेरपर्यंत शुश्रूषा केली ती माईसाहेबांनी. आपले आयुष्य वाढले याचे श्रेय बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले. तरीही चळवळीतल्या अनेकांनी माईसाहेबांच्या वाट्याला संशयच दिला. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या. ही चूक आपण घरोघरी पुन्हा करणार आहोत काय?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये, ज्या दिव्यांगांना सतत आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेतून सेवा करणाऱ्यांना महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे, पण हे काम आहे एवढे तरी त्या सरकारने कबूल केले. हिंगोलीच्या बाईने ते का मागू नये?

शासनाशी भांडूच; पण विहार आपला आहे. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर वस्तीतल्या अशा घरांची यादी करा, पाळ्या लावा, आठवड्यातला एक दिवस तिला मोकळा द्या. त्या पाळीत पुरुषांची नावे आधी लिहा. मुलानेही बापाचे अंथरूण धुवावे; तथागतांनी पाणी ओतले, तिथे आपल्या हातांना कसली लाज?