पाणी मारलं का?

भाईंदर सोडून लोकल वसईच्या खाडीवरून नायगावकडे येते, तेव्हा खिडकीतून दोन गोष्टी दिसतात : मिठागरं आणि टॉवर. अकरावी-बारावीत केमिस्ट्रीच्या तासाला 'बाँड' हा धडा आपण सगळ्यांनी घोकलाय. मार्कांपुरता शिकलो आणि विसरलो. पण त्या धड्यातला एक बाँड तुमच्या घराचा स्लॅब धरून आहे आणि दुसरा तोच स्लॅब आतून पोखरू शकतो. म्हणून आज थोडी उजळणी करू. परीक्षा नाहीये, घाबरू नका.

आधी मीठ घ्या. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. दोघांवर विरुद्ध भार येतो आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. ही पकड इतकी घट्ट की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण तेच मीठ पाण्यात टाकून चमचा फिरवा, गायब! पाण्याचे रेणू मध्ये शिरतात आणि सोडियम, क्लोराइड सुटे होतात. हे सुटं क्लोराइड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिमेंटचं गणित उलटं आहे. तिथे पाणी जोडणी करतं. 'सिमेंट वाळलं की घट्ट होतं' असं आपण सहज म्हणतो, ते चूक आहे. सिमेंट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. त्यातले कॅल्शियम सिलिकेट पाण्याशी अभिक्रिया करतात आणि त्यातून अतिसूक्ष्म, चिकट जाळं तयार होतं. तेच वाळू आणि खडीला बांधून ठेवतं. ही अभिक्रिया एका रात्रीत संपत नाही. काँक्रीटची ताकद २८ व्या दिवशी मोजतात ती त्यामुळेच.

आता साइटवर या. ओतलेलं काँक्रीट दोन दिवसांत दगडासारखं वाटतं. पण आत जाळं विणायचं काम चालूच असतं आणि त्याला पाणी हवं असतं. म्हणून स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतात. भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखं काही मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस असं पाणी मिळायला हवं. पाणी मारणं लवकर थांबवलं, तर जाळं अर्धवट राहतं आणि काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं उरतात. गंमत म्हणजे, ओतायला सोपं जावं म्हणून मिश्रणातच जास्त पाणी घातलं तरी छिद्रंच वाढतात. पाणी आत मोजून आणि नंतर वरून भरपूर, असा साधा हिशोब आहे.

नायगावात हा हिशोब चुकला तर महागात पडतो, कारण खाडी शेजारीच आहे. काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून आतल्या सळईवर ऑक्साइडचा पातळ थर टिकून राहतो आणि सळई गंजत नाही. पण खाऱ्या हवेतून, खाऱ्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या खाडीच्या वाळूतून आलेलं ते सुटं क्लोराइड छिद्रांतून सळईपर्यंत पोचलं, की हा थर तुटतो. मग गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. गॅलरीच्या छताचे पडलेले पोपडे, उघड्या पडलेल्या तांबूस सळया तुम्ही पाहिल्याच असतील. घरचे त्यावर पुट्टी आणि रंग मारून मोकळे होतात. आतला गंज मात्र तसाच चालू राहतो.

म्हणूनच किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी हेच मानक किमान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर मागतं. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला वसईचा किल्ला याच हवेत उभा आहे, मग आमच्याच इमारतींना काय होतं, असं कुणी विचारेल. तिथे दगड आणि चुना आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. त्या भिंतींच्या पोटात सळईच नाही, तर गंजणार काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. ती इमारत नेमकी का पडली, हे तपासानेच ठरवायचं. पण बांधकाम अनधिकृत असल्याचं महापालिकेने सांगितलं होतं. जिथे परवानगीच नाही, तिथे काँक्रीटचा रिपोर्ट कोण कुणाकडे मागणार?

आमचं म्हणणं एवढंच आहे की हा रिपोर्ट मागायची सवय आपल्या पिढीने लावून घ्यावी. दोष नाक्यावरून आलेल्या मजुराला देऊ नका. पुढचा मजला कधी चढवायचा, हे तो ठरवत नाही. घरचे फ्लॅट बघायला निघाले, की स्विमिंग पूल आणि क्लब हाउसच्या आधी तीन गोष्टी विचारा. काँक्रीटच्या क्यूबचे ७ आणि २८ दिवसांचे टेस्ट रिपोर्ट दाखवाल का? पाणी किती दिवस मारलं? कव्हर किती ठेवलं? महापालिकेनेही हे रिपोर्ट प्रत्येक साइटच्या बोर्डावर लावायला लावावेत.

जुन्या सोसायटीत राहत असाल, तर पुढच्या सभेत आईबाबांसोबत जाऊन बसा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. आपलं शेवटचं कधी झालं, एवढं विचारा. "खर्च कोण करणार?" असा आवाज येईल. तेव्हा पोपड्याचा एक तुकडा टेबलावर ठेवा आणि बारावीचा धडा सगळ्यांना समजावून सांगा.