पसरणीचा कृष्णा

पावसाळ्यात झाशी, बबीना, महोबा या बुंदेलखंडी मुलखात ढोलकाच्या ठेक्यावर 'आल्हा' गातात. महोब्याच्या आल्हा आणि ऊदल या दोन शूर भावांची ही कथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली आहे. आपल्याकडे हेच काम पोवाड्याने केले. तिथे ढोलक, तर इथे डफ आणि तुणतुणे. तिथे आल्हा-ऊदल, तर इथे शिवराय आणि तानाजी. गाणे ऐकायला सगळे गाव जमते. पण घरातला मुलगा 'मी गाण्यावरच पोट भरीन' म्हणाला, की घरात शांतता पसरते! एका मराठी घरात असेच झाले होते. तो मुलगा पुढे शाहीर साबळे म्हणून गाजला.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा. गाव पसरणी, तालुका वाई, जिल्हा सातारा. वाईहून पाचगणीला जाताना जो घाट लागतो, त्याच्या पायथ्याचे हे गाव. घर माळकरी, त्यामुळे अभंग कानावर पडत होतेच. लहानपणीच कृष्णा बासरी वाजवायला शिकला. गळाही गोड होता. गावातली सुरुवातीची शाळा आटोपल्यावर पुढच्या शिक्षणासाठी त्याला खानदेशात, अमळनेरला मामाकडे धाडण्यात आले. मुलगा शिकेल, नोकरीला लागेल, हा त्यामागचा सरळ हिशेब.

पण मुलाचे लक्ष पुस्तकात कुठले असायला! आजीला तर त्याचे गाणे मुळीच पसंत नव्हते. यात आजीला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी गाणारा म्हणजे तमाशातला, तमाशातला म्हणजे घराबाहेरचा, असेच समीकरण होते. लावणीवर शिट्या मारणारी मंडळीदेखील आपल्या मुलाने फडात जावे असे म्हणत नसत. अखेर सातवीत असतानाच कृष्णाची शाळा सुटली.

शाळा सुटली, पण अमळनेरनेच त्याला शाळेबाहेरचा एक शिक्षक दिला. ते म्हणजे साने गुरुजी. गुरुजींनी प्रताप हायस्कूलमधली नोकरी १९३० मध्येच सोडली होती आणि ते स्वातंत्र्य चळवळीत, शेतकरी-कामगारांत काम करत होते. सभेला माणसे जमवायची आणि जमलेली धरून ठेवायची, तर भाषणाआधी एखादे खड्या आवाजातले गाणे हवेच. घरात ज्या गळ्याची काळजी वाटत होती, त्याच गळ्याची चळवळीला गरज होती. आपले गाणे नुसती करमणूक नाही, लोकांच्या उपयोगाची वस्तू आहे, हे या मुलाला ऐन उमेदीच्या वयात समजले. पुढे शाहीर शंकरराव निकम यांचा सहवास मिळाला आणि पोवाड्याची वाट पक्की झाली.

१९४२ च्या आंदोलनात तरुण साबळे होतेच. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. त्याच विचाराने पसरणीतले भैरवनाथाचे मंदिरही दलितांसाठी खुले झाले. त्यात या गावच्या शाहिराचा पुढाकार होता. दूरच्या सभेत समतेचे गाणे म्हणणे सोपे असते. आपल्याच गावात, रोज समोर दिसणाऱ्या लोकांपुढे देवळाचे दार उघडायला लावणे अवघड. गायक म्हणून साबळ्यांचा दबदबा वाढला, त्यामागे हेही एक कारण असणार.

आता प्रश्न पोटाचा होता. मुंबईच्या गिरणगावात सातारा, कोकण, देशावरून आलेला कामगार दाटीवाटीने राहत होता. गाव सुटलेल्या या माणसांना गावाकडचा सूर हवा होता. 'शाहीर साबळे आणि पार्टी' हे नाव तिथे हां हां म्हणता तोंडी झाले. ध्वनिमुद्रिका निघाल्या. कोळीगीते, खंडोबाची गाणी, एकनाथांचे विंचवाचे भारूड असे सारे त्यांच्या आवाजात घरोघरी पोचले. पत्नी भानुमती स्वतः गीते लिहीत, तेव्हा गाण्याचे निम्मे काम घरातच होई!

साबळ्यांची खरी कर्तबगारी मात्र 'मुक्तनाट्या'त दिसते. गण, गवळण, बतावणी आणि वग असा तमाशाचा सांगाडा असतो. तो त्यांनी ठेवला, पण कुटुंबासह बसून पाहता येईल असे त्याला रूप दिले. 'यमराज्यात एक रात्र' लोकांनी डोक्यावर घेतले. 'आंधळं दळतंय'मध्ये मुंबईतच परक्या झालेल्या मराठी माणसाची दशा होती. १९६६ च्या मुंबईत या नाटकाने जी खळबळ उडवली, तिची आठवण जुनी माणसे सांगत राहिली. हसवता हसवता चिमटा काढायचा, ही बतावणीची रीत त्यांनी शहरातल्या नाट्यगृहात चालवून दाखवली. आजीला ज्याची भीती वाटे, त्या तमाशाच्या खेळाला आता घरातल्या आज्या नातवंडांसह येऊ लागल्या.

त्याआधीच, १९६० मध्ये, त्यांच्या वाट्याला ते गीत आले होते. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्या काळात 'गर्जा महाराष्ट्र माझा' तयार झाले. शब्द नागपूरच्या राजा बढे यांचे, चाल बडोद्यात वाढलेल्या श्रीनिवास खळे यांची आणि आवाज सातारच्या साबळ्यांचा. विदर्भ, गुजरातेतले मराठी बडोदे आणि देश असे तीन मुलूख एका गाण्यात आले. २०२३ मध्ये, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपासून, हे महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. मूळ तीन कडव्यांपैकी दोन त्यासाठी घेतली आहेत.

नाव झाल्यावर साबळ्यांनी गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी, कोळी या साऱ्यांची गाणी-नृत्ये 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमात एकत्र आणली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८४ मध्ये, पद्मश्री १९९८ मध्ये मिळाली. हे सन्मान मोठेच; पण वृद्ध, निराधार कलावंतांसाठी त्यांनी 'तपस्याश्रम' उभारला, तो अधिक बोलका आहे. वय झाल्यावर, गळा बसल्यावर लोककलावंताला कोण विचारतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

२० मार्च २०१५ रोजी ते गेले. त्यांचे नातू केदार शिंदे यांनी केलेला 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट एप्रिल २०२३ मध्ये आला. गाण्याला विरोध करणारी आजी त्यात आहेच. भानुमतींची भूमिका केदार यांच्या मुलीने, सना शिंदेने केली आहे आणि शाहिरांची अंकुश चौधरी यांनी. केदार शिंदे, भरत जाधव आणि अंकुश चौधरी ही तिन्ही मुले कधीकाळी 'लोकधारे'च्या चमूत एकत्र होती.