मागच्या चाकाची रीत
जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली आणलेल्या पहिल्या एमएक्स-५ या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे मागील ब्रेक पॅड घरी बदलता येतात. परंतु पुढील चाकांची रीत येथे चालत नाही. मागील पिस्टन हँडब्रेकच्या यंत्रणेशी जोडलेला असतो. तो बळाने दाबल्यास यंत्रणाच बिघडते. प्रथम पुढील चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडावा. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. कॅलिपरमागील बोल्ट काढून आतील स्क्रू ४ मिलिमीटरच्या ॲलन किल्लीने डावीकडे फिरविला, की पिस्टन मागे सरतो. नवे पॅड बसविल्यावर ते डिस्कला टेकेपर्यंत स्क्रू उजवीकडे फिरवावा व एक तृतीयांश फेरा सैल करावा. गाडी हलविण्यापूर्वी ब्रेक पायाला घट्ट लागेपर्यंत दाबावा. अन्यथा ऐन गरजेच्या क्षणी पाय तळाशी जाईल.