बंद म्हणजे बंद

आमचे अप्पा रोज निजण्यापूर्वी घरभर फिरून, फ्रीज तेवढा सोडून, भिंतीवरची सारी बटणे बंद करीत. मी हसे.

“अप्पा, टीव्ही रिमोटने बंद केलाय.”

“मग हा लाल दिवा कुणासाठी तेवत ठेवलास?”

अप्पा गेले आणि तो दिवा बिनबोभाट तेवू लागला. परवा बिल पाहून मी, मराठीचा मास्तर, गणिताला बसलो. रिमोटने नुसता पडदा मिटतो. हुकमाची वाट पाहत आतले यंत्र जागेच असते. सेट-टॉप बॉक्स असा रोज २० तास १० वॅट घेत राहिला, तर वर्षाकाठी ७३ युनिट! जन्मभर शब्दार्थ शिकवले. ‘बंद’चा अर्थ मात्र आता कळला.

यंदा पणत्या उजळल्या, आणि निजताना बटणे मी बंद केली. मुलगी हसली. हसू दे, तिच्याही नावाने कधी तरी बिल येईलच!