दहाव्या रोज्याची सकाळ

आज रमजानचा दहावा रोजा. हिजरी सन १३६४ मधल्या दहाव्या रोज्याची एक गोष्ट आज सांगायची आहे. त्यासाठी आधी एक दिवस मागे जावे लागेल.

त्या वर्षी नववा रोजा शुक्रवारी आला होता. इंग्रजी तारीख १७ ऑगस्ट १९४५. सकाळी दहाच्या सुमारास जकार्ता शहरात सुकार्नो आपल्या घरासमोर उभे राहिले. हिवतापाने अंग मोडून आले होते. जमलेल्या लोकांपुढे त्यांनी दोन वाक्यांची घोषणा वाचली. पत्नी फातमावती यांनी शिवलेला लाल-पांढरा झेंडा वर चढला आणि इंडोनेशियाने आपण स्वतंत्र झाल्याचे जगाला सांगितले.

घोषणेचा मसुदा आदल्या रात्री एका जपानी नौदल अधिकाऱ्याच्या घरी तयार झाला होता. काम पहाटेपर्यंत चालले. सुकार्नो यांचे सहकारी मोहम्मद हत्ता यांनी त्याच घरी सहेरी केली. भात नव्हता, म्हणून पाव, अंडी आणि सार्डिन मासे खाल्ले, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवले.

त्या देशात रोज्याला ‘पुआसा’ म्हणतात. हा शब्द ‘उपवास’ या संस्कृत शब्दावरून तिकडे गेला. आपल्या शेजारच्या काकू एकादशीला जो उपवास धरतात, त्याच शब्दाने जकार्तातला मुसलमान रमजानचा रोजा धरतो. शब्दांना धर्म विचारायची सवय तिथल्या लोकांनी लावून घेतली नाही.

१९४५ हे वर्ष इंडोनेशियासाठी फार कठीण होते. डच राजवट गेली आणि १९४२ पासून जपानी आले. जपान्यांनी लाखो माणसे वेठबिगारीला जुंपली. जावा बेटावर तांदळाअभावी उपासमार झाली. युद्ध हरत चालल्यावर मात्र जपान्यांनी स्वातंत्र्याच्या तयारीसाठी एक समिती नेमू दिली. १ जून १९४५ रोजी याच समितीपुढे सुकार्नोंनी ‘पंचसिला’ म्हणजे पाच तत्त्वे मांडली. ‘पंचशील’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही.

स्वतंत्र देश कसा असावा, यावर त्या समितीत मोठा वाद झाला. लोकसंख्येत मुसलमान प्रचंड बहुमतात. त्यामुळे राज्याचा पाया इस्लामचा असावा, असे अनेक नेत्यांचे म्हणणे होते. अखेर नऊ जणांच्या गटाने २२ जूनला तडजोड काढली. राज्य ईश्वरावरील श्रद्धेवर आधारलेले असेल, असे घटनेच्या प्रास्ताविकात म्हटले गेले आणि त्याला एक पुस्ती जोडली: ‘इस्लामच्या अनुयायांनी शरीअत पाळण्याच्या बंधनासह’. मूळ भाषेत ही पुस्ती सात शब्दांची होती. अध्यक्ष मुसलमानच असावा, असेही नंतर घटनेच्या मसुद्यात आले. अंबोनचे ख्रिस्ती नेते लतुहरहरी यांनी जुलैमध्ये या सात शब्दांना हरकत घेतली. पण शब्द राहिले.

१७ ऑगस्टच्या संध्याकाळी हत्तांकडे एक जपानी अधिकारी आला. त्याने निरोप दिला की, पूर्वेकडच्या बेटांवरील ख्रिस्ती लोकांना हे शब्द मान्य नाहीत. ते राहिले, तर असल्या प्रजासत्ताकात राहण्याचा त्यांना विचार करावा लागेल. देश जन्मून काही तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी, दहाव्या रोज्याच्या सकाळी, घटना मंजूर करणारी बैठक होती. ती सुरू होण्यापूर्वी हत्तांनी मुस्लिम पुढाऱ्यांना बाजूला घेतले. हत्ता स्वतः नमाज-रोज्याचे पक्के, सुमात्रातल्या धार्मिक घराण्यातले. देश एकसंध राहायचा असेल, तर हे सात शब्द काढावे लागतील, असे त्यांनी सांगितले. सर्वांत जड गेले ते मुहम्मदिया संघटनेचे प्रमुख की बागुस हादीकुसुमो यांना. या शब्दांसाठी ते महिनोन्‌महिने भांडले होते. तरीही त्यांनी मान्यता दिली. हत्तांच्या म्हणण्यानुसार हे सारे पंधरा मिनिटांच्या आत झाले. सात शब्द गेले. त्यांच्या जागी ‘एकमेव ईश्वरावरील श्रद्धा’ एवढेच आले. अध्यक्ष मुसलमानच हवा, ही अटही गेली.

ही गोष्ट गोड करून सांगायची नाही. ही घटना तात्पुरती आहे, शांतता आल्यावर पुन्हा बोलू, असे त्या दिवशी सांगितले गेले होते. त्यामुळे आपली फसवणूक झाली, अशी भावना अनेकांच्या मनात राहिली. १९५० च्या दशकात नव्या घटना समितीत हा वाद पुन्हा पेटला आणि ती समिती त्यातच अडकली. वर्षाचा शेवटही शांततेत झाला नाही. डच सत्ता परत येणार या भीतीने माणसे पिसाळली. डच वंशाचे, मिश्र वंशाचे, चिनी आणि अंबोनी असे अनेक निरपराध लोक त्या महिन्यांत मारले गेले.

सुराबाया शहरात ब्रिटिश सैन्याशी घनघोर लढाई झाली. त्या सैन्यात बहुतेक शिपाई हिंदुस्थानी होते आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. आपल्याकडच्या खेड्यांतली पोरे दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी तिथे लढली आणि काही तिथेच राहिली. काही हिंदी शिपाई बंदुकीसह इंडोनेशियन बाजूला गेले. आपले सैनिक असे वापरण्याला पंडित नेहरूंनी उघड विरोध केला होता. सुराबायाच्या लढाईची आठवण म्हणून १० नोव्हेंबर हा दिवस तिथे आजही वीरदिन म्हणून पाळतात.

तरीही १९४५ मधली सर्वांत मोठी घटना कोणती, असे कोणी विचारले, तर मी सुराबायाचे नाव घेणार नाही. मी दहाव्या रोज्याची ती पंधरा मिनिटे सांगेन. समोरचा संख्येने लहान होता. हात वर करून मतदान घेतले असते, तर सात शब्द सहज टिकले असते. ज्यांच्या हाती बहुमत होते, त्यांनी ते वापरले नाही.

२००२ मध्ये तिथल्या संसदीय सभेत ते शब्द परत आणण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा विरोध करणाऱ्यांत देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटना होत्या आणि त्यांतली एक मुहम्मदिया होती. जिच्या प्रमुखाला ते शब्द सोडताना सर्वाधिक दुःख झाले, तिनेच सत्तावन्न वर्षांनी ते परत मागितले नाहीत. आजही त्या देशात चर्चच्या परवानगीवरून तंटे होतात, अहमदियांवर हल्ले झाले आहेत. कागदावरचा संयम रस्त्यावर आपोआप उतरत नाही. तो दर पिढीला नव्याने शिकावा लागतो.

रोजा आपल्याला हेच शिकवतो, असे मी मानतो. रोज्यात आपण हराम गोष्टी सोडत नाही, त्या एरवीही सोडायच्याच असतात. रोज्यात आपण हलाल गोष्ट सोडतो: आपले स्वतःचे पाणी, आपल्या कष्टाची भाकरी. हक्काची वस्तू समोर असताना हात आवरायचा, ही या महिन्याची शिकवण. की बागुस यांनी त्या सकाळी तोच रोजा धरला.

हे लिहून मी इथल्या बहुसंख्यांना काही सुनावतो आहे, असे कोणी समजू नये. ते माझ्यासाठी फार सोपे आहे. माणूस कुठे ना कुठे बहुसंख्य असतोच. देशात आम्ही थोडे असू, पण आमच्या मोहल्ल्यात आम्ही जास्त आहोत. तिथे पाच-सहा घरे इतरांची आहेत. एका घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, एका घरात दहावीचा मुलगा. सहेरीला उठवणारा भोंगा त्यांच्या खिडकीपाशीच आहे. त्यांनी आजवर कधी तक्रार केली नाही. थोड्या लोकांची तक्रार बहुधा ओठांवर येतच नाही, हे आम्हाला तरी कळायला हवे. आता प्रत्येकाच्या उशाशी मोबाइलचा गजर आहे.

आज असरच्या नमाजीनंतर मी हा विषय काढणार आहे. कुणाला राग येईल, कुणी म्हणेल, आपणच का? जकार्तातही त्या सकाळी कोणीतरी हेच म्हटले असणार. इफ्तारपर्यंत वेळ भरपूर आहे, आणि या कामाला पंधरा मिनिटे पुरतात.